डेटाबेस स्कीमा, बहुविध
संबंधात्मक डेटाबेसमधील तक्ते, दृश्ये इत्यादींच्या नामांकित विभागास स्कीमा म्हणतात. भिन्न स्कीमांत एकाच नावाचे तक्ते असू शकतात, उदा., ‘लेखा.सभासद’ व ‘ग्रंथालय.सभासद’ हे दोन स्वतंत्र तक्ते होत. संज्ञेचा अर्थ प्रणालीनुसार बदलतो. मायएसक्यूएलमध्ये स्कीमा व डेटाबेस हे समानार्थी आहेत, ओरॅकलमध्ये स्कीमा वापरकर्त्याच्या नावाने असतो, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ७.३ (२००२) या आवृत्तीपासून एका डेटाबेसमध्ये अनेक स्कीमा ठेवता येतात.

पायथन भाषेतील जँगो (२००५) या वेब फ्रेमवर्कमध्ये ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर असतो. प्रत्येक तक्त्यासाठी एक क्लास लिहिला की, त्यावरून एसक्यूएल आज्ञा मॅपर स्वतः तयार करतो. या आज्ञांत सामान्यतः तक्त्याचे नाव असते, स्कीमाचे नसते. असे नाव आढळल्यास पोस्टग्रेएसक्यूएल ‘शोधमार्गा’तील स्कीमा क्रमाने तपासते व त्या नावाचा जो तक्ता प्रथम सापडेल तो वापरते.

जँगोच्या १.२ (२०१०) या आवृत्तीपासून अनेक डेटाबेस वापरण्याची सोय आहे. तिचा उपयोग करून एकाच डेटाबेसच्या दोन जोडण्या भिन्न शोधमार्गांसह नोंदविता येतात; कोणती जोडणी वापरावयाची हे ‘राउटर’ ठरवितो. तथापि मॅपर त्यांना दोन वेगळे डेटाबेस समजतो. त्यामुळे सर्व्हरला शक्य असूनही स्कीमांमधील फॉरेन की व संयुक्त पृच्छा मॅपरमार्फत मिळत नाहीत. शिवाय दोन्ही जोडण्यांचे व्यवहार स्वतंत्र असल्याने एक कायम होऊन दुसरा रद्द होणे संभवते. तक्त्यांची नावे भिन्न असल्यास एकाच जोडणीच्या शोधमार्गात दोन्ही स्कीमा देणे सोयीचे असते. मात्र नवे तक्ते मार्गातील पहिल्या स्कीमात निर्माण होतात.

अनेक संस्थांना एकच प्रणाली पुरविताना प्रत्येक संस्थेस स्वतंत्र स्कीमा देऊन प्रत्येक विनंतीच्या वेळी शोधमार्ग बदलण्याची पद्धतही रूढ आहे. जोडणी पुन्हा वापरली जात असल्याने आधीचा मार्ग तसाच राहिल्यास एका संस्थेची माहिती दुसरीस दिसते. तक्त्यांची नावे सर्वत्र सारखीच असल्यामुळे त्रुटीची सूचनाही मिळत नाही. म्हणून प्रत्येक विनंतीच्या आरंभी मार्ग नव्याने निश्चित करणे व प्रत्येक संस्थेच्या डेटाबेस-वापरकर्त्यास फक्त तिच्याच स्कीमाचे अधिकार देणे आवश्यक ठरते. असे अधिकार मर्यादित असल्यास चुकीच्या मार्गाने परकी माहिती मिळण्याऐवजी आज्ञा नाकारली जाते. स्कीमाने नावांची विभागणी होते. गोपनीयतेचे रक्षण अधिकारांनीच होते.