गोळी, पेला आणि एक गैरसमज

यंदाच्या स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक लेख हवा, असे संपादकांनी कळविले, तेव्हा प्रथम मी नकारच देणार होतो. मी वैद्य नव्हे. आयुष्य शाळेतील फळ्यासमोर गेले. परंतु आमच्या घरी घडलेली एक गोष्ट बरीच वर्षे मनात दडून आहे, आणि तिचे कारण इतके साधे आहे की ते आपल्या मंडळींस ठाऊक असते तर ती घडलीच नसती. तेवढ्यासाठी लेखणी हाती धरली.

माझ्या चुलत बहिणीच्या लग्नातील ही हकिगत. काका साखरेच्या कोठीवर उभे आयुष्य राबून निवृत्त झालेले. मधुमेहाची गोळी ते नियमाने घेत, आणि संध्याकाळी रमचा पेलाही तितक्याच नियमाने घेत. डॉक्टरांना मात्र त्यांनी या दुसऱ्या नियमाविषयी कधी सांगितले नव्हते. त्या रात्री गोळी घेतली, पेले झाले, सोबत गजकाच्या चार बश्या झाल्या. पंगतीला मात्र ते बसलेच नाहीत. मध्यरात्रीच्या सुमारास त्यांना घाम सुटला, बोलणे अडखळू लागले, आणि एरवी शांत असणारे काका कोणावर तरी उगाच चिडले. ‘आज जरा जास्त झाली, निजवा त्यांना,’ असे कोणीतरी म्हणाले. पडवीत चटई घालून त्यांना निजविणाऱ्यांत मीही होतो. अंगावर चादर मीच घातली.

सकाळी सात वाजता काकू चहा घेऊन गेल्या, तो काका उठेनात. रुग्णालयात नेल्यावर रक्तशर्करा मोजली, ती १.४ भरली. निरोगी माणसाची उपाशीपोटी साखर सुमारे ४ ते ६ असते, आणि ३.९ च्या खाली गेली की ती कमी समजतात. शिरेतून ग्लुकोज देताच श्वास व नाडी सुधारली, परंतु मेंदू बराच वेळ साखरेवाचून राहिला होता. काका पुढे दोन वर्षे जगले. घरच्यांची नावे त्यांना धड आठवली नाहीत.

हे का घडले, ते तेथील एका तरुण डॉक्टरीण बाईंनी आम्हांस शांतपणे समजावून दिले. आपण जेवतो तेव्हा यकृत थोडी साखर साठवून ठेवते, आणि पोट रिकामे असताना ती रक्तात सोडते. हा साठा सरत आला की यकृत नवी साखर तयार करू लागते. मेंदूस साखर सतत लागते, म्हणून रात्रीच्या झोपेतही हे काम थांबत नाही. परंतु मद्य पोटात गेले की यकृत ते विष निकाली काढण्यात गुंतते आणि नवी साखर बनविण्याचे काम मागे पडते. इकडे ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी स्वादुपिंडाकडून इन्शुलिन स्रवून घेतच असते. एकीकडे साखर उतरविणारे औषध, दुसरीकडे साखर पुरविणारा कारखाना बंद, आणि पोटात अन्न नाही! मग मनुष्य निजल्या जागी खोल खोल उतरत जातो. इन्शुलिनची सुई घेणाऱ्यासही हाच धोका आहे.

येथे आपल्यातील एक समजूत आड येते. रम उसाची, म्हणून तिने साखर वाढते, असे कित्येकांस वाटते. काही शहाणे तर ‘आज पेला घ्यायचा आहे, तेव्हा गोळी थोडी जास्त घेतो’ असा हिशेब करतात! वस्तुतः रम मळी किंवा उसाचा रस आंबवून गाळली जाते, आणि गाळताना साखर मागे राहते. साध्या रममध्ये साखर जवळजवळ नसतेच. भय आहे ते साखर उतरण्याचे, आणि तेही पिताना नव्हे, तर काही तासांनी, मध्यरात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. हिशेब करून पाहा. ४० टक्के मद्यार्काच्या रमचे २०० मिलिलिटर म्हणजे सुमारे ६३ ग्रॅम शुद्ध मद्यार्क. सामान्य यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकाली काढते. रात्री दहा वाजता संपलेल्या बाटलीचे काम पहाटेपर्यंत चाललेलेच असते.

दुर्दैव असे की साखर उतरल्याची लक्षणे आणि दारू चढल्याची लक्षणे यांत पाहणाऱ्यास फरक दिसत नाही. तोल जातो, जीभ जड होते, मनुष्य हट्टी वा रागीट होतो, मग गळून जातो. भरपूर थंड घाम व हातांचा कंप साखरेकडे बोट दाखवितात, पण तेही दर वेळी असतातच असे नाही. आणि तोंडाला रमचा वास आला की आपण दुसरा विचारच करीत नाही.

विचार न करण्याचे कारण मला वाटते लज्जेत आहे. आपले पूर्वज मुंबई बंदरातून गलबतात बसून या बेटावर आले, ते बहुतेक कोकणातील कष्टकरी. करारातील मजुरी तुटपुंजी. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांचे पैसे कापीत. उसाच्या बेटावर रम मात्र स्वस्त. बुतिकमधील उधारीच्या कार्नेवर तांदळाखाली रमही मांडली जाई, आणि घरच्या बायका ते मुकाट्याने पाहत. पिणे ही घरची उघडी गोष्ट, पण बोलायची नव्हे, असा रिवाज तेव्हापासून पडला असावा. (गजक हा शब्दही गलबतातूनच आला असेल; हिंदी-उर्दूत ‘गज़क’ म्हणजे मद्यासोबत खाण्याचा पदार्थ, देशी मराठीत ज्याला चखणा म्हणतात. इतका जुना पाहुणा, पण त्याने जेवणाची जागा घेऊ नये.)

तेव्हा गोळी किंवा सुई घेणारा मनुष्य पिऊन विचित्र वागू लागला, तर यंत्र जवळ असल्यास साखर मोजावी. यंत्र नसेल तर वाट पाहू नये. तो शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर चार चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा पाऊण पेला साखरेचे सरबत द्यावे. कृत्रिम गोडीचे पेय उपयोगाचे नाही. पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा तेवढेच द्यावे, आणि सावध झाल्यावर भात किंवा पाव खाऊ घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालू नये, कारण तो श्वासनलिकेत जातो. कुशीवर वळवून ११४ क्रमांकावर सामूस बोलवावे, आणि गोळी कोणती व दारू किती, हे दोन्ही निःसंकोच सांगावे. सावध झाला म्हणून लगेच घरी निजवूही नये. यांतील काही गोळ्यांचा अंमल दिवसभर राहतो. तो खरोखर नुसताच प्यालेला निघाला, तरी चार चमचे साखरेने त्याचे काही बिघडत नाही.

इतर औषधांविषयी थोडक्यात. मेटफॉर्मिन एकटी सहसा साखर फार उतरवीत नाही, पण अतिमद्यपानासोबत रक्तात आम्ल साठण्याचा क्वचित पण घातक विकार संभवतो. झोपेची गोळी आणि मद्य एकत्र आले तर श्वासच मंदावतो. रोज पिणाऱ्याने डोकेदुखीवर पॅरासिटामॉल मूठभर घेणे यकृतास महाग पडते.

गणपतीच्या दिवसांविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. आपल्या घरांत या दिवसांत मद्यास शिवत नाहीत, ही चांगली प्रथा. परंतु जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याने एकाएकी सोडल्यास सहा ते चोवीस तासांत कंप, घाम, बेचैनी सुरू होते. झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन नसलेली माणसे दिसू लागतात. याला कोणी देवाचा कोप म्हणतात, कोणी बाधा. हा शरीराचा सवयीचा आधार सुटल्याचा आजार आहे, आणि वेळीच उपचार न झाल्यास प्राणावर बेततो. अशा मनुष्याने सोडण्याचा संकल्प अवश्य करावा, पण आठवडाभर आधी डॉक्टरांकडे जाऊन. तीच गोष्ट उपवासाची. गंगा तलावच्या यात्रेला पायी निघणाऱ्या मधुमेही माणसाने नेहमीची गोळी उपाशीपोटी घ्यावी की नाही, हे आधी विचारून ठेवावे.

सवयी बदलत नाहीत, असे म्हणणाऱ्यांस मी आपल्याच बेटाचे उदाहरण देतो. १९८७ साली येथे मोठी आरोग्यपाहणी झाली, आणि हिंदी, क्रिओल व चिनी या तिन्ही समाजांत मधुमेहाचे प्रमाण सारखेच भयावह आढळले. त्यानंतर सरकारने प्रचार व शिक्षणाची मोहीम काढली. १९९२ साली पुन्हा पाहणी केली, तेव्हा अतिमद्यपान करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण ३८.२ टक्क्यांवरून १४.४ टक्क्यांवर, आणि धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे ५८ वरून ४७.२ टक्क्यांवर आले होते. सिगारेटने ही वाट सावकाश धरली, हे आकड्यांतच दिसते. मधुमेही माणसाच्या पायाची रक्तवाहिनी तंबाखूने आणखी अरुंद होते, आणि अंगठ्याची जखम मग भरत नाही. मधुमेह तर मुळीच हटला नाही. आज आपल्या बेटावरील दर पाच प्रौढांपैकी जवळजवळ एकाला तो आहे. म्हणजे लग्नाच्या कोणत्याही मांडवात काकांसारखी काही मंडळी बसलेली असणारच.

आमच्या घरी आता कार्य असले की काकू स्वतः गजकाच्या मेजाजवळ साखरेचा डबा व चमचा ठेवतात. पाहुण्यांना प्रथम ते चमत्कारिक वाटते. त्या मात्र एकेका वडीलधाऱ्यापाशी जाऊन विचारतात, ‘भावोजी, गोळी घेतलीत ना? मग आधी पानावर बसा.’ आणि ते बसतातही.