डर्ट बाइकवरील स्वयंचलित क्लच: सोय कुठवर, सावधगिरी कुठून?

चढावर मधेच इंजिन बंद पडणे हा डर्ट बाइक चालविणाऱ्याच्या वाट्याला कधी ना कधी येणारा प्रसंग. पावसाने धुपलेली वाट, जमिनीवर उघडी पडलेली मुळे, पायाखाली सुटे दगड आणि वेग इतका मंद, की पहिल्या गिअरमध्येही इंजिनाला दम लागतो. डाव्या हाताने क्लच दाबायला क्षणभराचा उशीर झाला, की इंजिन गप्प होते. गाडी मागे घसरू लागते आणि ब्रेक धरावा की तोल सावरावा, हे ठरेपर्यंत ती आडवी झालेली असते. हा क्षण टाळण्यासाठी एन्ड्युरो प्रकारच्या गाड्यांत स्वयंचलित क्लच बसविण्याची पद्धत गेल्या दोन दशकांत रूढ झाली. मात्र ज्या गुणामुळे हा क्लच चढावर चालकाला तारतो, त्याच गुणामुळे तो उतारावर आणि गाडी उभी करताना त्याला अडचणीत आणू शकतो. म्हणून तो बसविण्यापूर्वी त्याचे काम समजून घेणे आवश्यक ठरते.

तत्त्व जुनेच

गोव्याच्या रस्त्यांवर सर्रास दिसणाऱ्या बिनगिअरच्या स्कूटरला क्लचची दांडी नसते, तरीही चौकात थांबल्यावर ती बंद पडत नाही. तिच्या मागील भागात अपकेंद्री क्लच असतो. इंजिनाचे फेरे वाढले, की फिरणारे पट्टे बाहेर फेकले जाऊन भोवतालच्या डब्याला घट्ट भिडतात आणि चाक फिरू लागते. फेरे कमी झाले, की स्प्रिंग त्या पट्ट्यांना आत ओढून घेते आणि इंजिन व चाक यांचा संबंध सुटतो. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ मध्ये आणलेली लुना याच तत्त्वावर धावली.

गिअर आणि स्वयंचलित क्लच यांची जोडीही नवी नाही. जपानच्या होंडा कंपनीने १९५८ मध्ये आणलेल्या सुपर कब या गाडीला पायाने बदलायचे तीन गिअर होते, पण डाव्या मुठीवर क्लचची दांडी नव्हती. २०१७ पर्यंत या मालिकेच्या दहा कोटी गाड्या तयार झाल्या. मुलांसाठी बनविलेल्या होंडा सीआरएफ५०एफ, सीआरएफ११०एफ यांसारख्या छोट्या डर्ट बाइकमध्येही हीच जोडी आढळते. मोठ्या, ताकदवान गाडीत मात्र वेगळी रचना करावी लागली; कारण तेथे क्लच आपोआप चालावा आणि गरज पडेल तेव्हा तो हातानेही दाबता यावा, अशी दुहेरी अपेक्षा असते.

आत काय घडते?

नेहमीच्या मोटारसायकलच्या क्लचमध्ये तेलात बुडालेल्या अनेक चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. प्रेशर प्लेट आणि तिच्या स्प्रिंग या चकत्यांना सतत दाबून ठेवतात. म्हणजे मुळात क्लच जोडलेलाच असतो. दांडी दाबली, की तो सुटतो. स्वयंचलित क्लचमध्ये हा क्रम उलटा होतो. इंजिन मंद फिरत असताना चकत्यांमध्ये थोडी फट असते आणि क्लच सुटलेला असतो.

अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील रेक्लूज या कंपनीची प्रचलित रचना याचे उत्तम उदाहरण आहे. चकत्यांच्या थरात एक विशेष चकती बसविली जाते. तिच्यात पाचरीसारखे छोटे तुकडे असतात. इंजिनाचे फेरे वाढले, की ते अपकेंद्री बलाने बाहेर सरकतात आणि चकती जाड होते. फट भरून निघते, थर प्रेशर प्लेटवर दाबला जातो आणि क्लच पकड घेतो. फेरे उतरले, की पाचरी मागे येतात आणि पकड सुटते. पकड किती फेऱ्यांना यावी, हे आतील स्प्रिंग बदलून ठरविता येते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. या रचनेत गिअर आपोआप बदलत नाहीत. ते पायानेच बदलावे लागतात. होंडाच्या आफ्रिका ट्विनमध्ये मिळणारी, दोन क्लच असलेली डीसीटी ही यंत्रणा गिअरही स्वतः बदलते. होंडाने २०२३ मध्ये जाहीर केलेला ई-क्लच विजेच्या मोटरवर आणि संवेदकांवर चालतो. रेक्लूजसारख्या क्लचला ना मोटर लागते, ना संगणक. त्याला फक्त एकच गोष्ट कळते: इंजिन किती वेगाने फिरते आहे. त्याचे सारे फायदे आणि सारे तोटे या एकाच गोष्टीतून निघतात.

काय मिळते?

पहिला लाभ म्हणजे वेग कितीही मंदावला तरी इंजिन सहसा बंद पडत नाही. निसरड्या वळणावर मागचा ब्रेक जोरात दाबला गेला आणि चाक जाम झाले, तर साध्या गाडीत इंजिनही थांबते. येथे ते चालू राहते. दगडावर अडलेली गाडी पुन्हा हलवायला मूठ हळुवार पिळणे पुरते. विशेषतः मंद वेगात पटकन बंद पडणाऱ्या फोर-स्ट्रोक गाड्यांना याचा उपयोग अधिक होतो.

दुसरा लाभ हाताला. जंगलवाटेवर तासन्‌तास हाफ क्लचवर गाडी चालविली, की डावा हात आखडतो आणि हँडलवरची पकड ढिली होते. तो भार येथे उतरतो. ज्यांच्या डाव्या हाताला दुखापत किंवा अशक्तपणा आहे, त्यांच्यासाठी तर हा क्लच म्हणजे गाडी चालविता येणे आणि न येणे यांतला फरक ठरू शकतो. डावा हात मोकळा झाल्याने काही जण मागच्या ब्रेकची दांडी डाव्या मुठीवर बसवून घेतात. वळणावर उजवा पाय जमिनीकडे काढलेला असतानाही मग मागचा ब्रेक लावता येतो.

काय जाते?

सर्वांत मोठा धोका उतारावर असतो. तीव्र उतारावर चालक केवळ ब्रेकवर विसंबत नाही. मूठ सोडून, खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या अडसरानेही तो वेग रोखतो. स्वयंचलित क्लच पकडीत असेपर्यंत हा अडसर मिळतो. पण फेरे ठराविक मर्यादेखाली गेले, की पकड सुटते आणि गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी मोकळी धावू लागते. यावर उपाय सोपा आहे, पण तो सवयीचा व्हावा लागतो: उताराच्या तोंडाशी योग्य गिअर टाकून मूठ किंचित पिळायची, क्लचला पकड घेऊ द्यायची आणि मग खाली उतरायचे. मध्येच पकड सुटली, तर पुन्हा हलकी रेस द्यायची.

गाडी उभी करताना दुसरी अडचण येते. साधी मोटारसायकल उतारावर गिअरमध्ये ठेवली, की इंजिन तिला धरून ठेवते. येथे इंजिन बंद असताना क्लच सुटलेलाच असतो, त्यामुळे गिअर असूनही गाडी घरंगळते. चाकाखाली दगड लावणे किंवा पुढच्या ब्रेकची दांडी पट्ट्याने आवळून ठेवणे, हेच खरे उपाय. त्याच कारणाने बॅटरी उतरलेली गाडी ढकलून चालू करता येत नाही. किक नसलेल्या गाडीत दूरच्या रानात ही मोठी पंचाईत ठरू शकते.

तिसरा धोका इतरांनाही आहे. गिअरमध्ये असलेली आणि इंजिन चालू असलेली गाडी शांत उभी राहते. पाहणाऱ्याला ती न्यूट्रलमध्ये वाटते. अशा वेळी कुणी कुतूहलाने मूठ पिळली, किंवा पडलेली गाडी उचलताना चालकाचा हात उजव्या मुठीवर गेला, तर ती एकदम पुढे झेप घेते. म्हणून थांबल्यावर न्यूट्रल टाकणे, गाडीवरून उतरण्यापूर्वी किंवा पडलेली गाडी उचलण्यापूर्वी इंजिन बंद करणे आणि आपली गाडी दुसऱ्याच्या हाती देताना त्याला आधी ही गोष्ट सांगणे, हे तिन्ही नियम कटाक्षाने पाळायला हवेत.

रबर बँडची चाचणी

हाताची दांडी कायम ठेवणाऱ्या अशा क्लचची जुळणी अत्यंत नेमकी असावी लागते. ती तपासण्याची रीत मात्र साधी आहे. इंजिन गरम झाल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्लचच्या दांडीला आणि मुठीला मिळून एक रबर बँड अडकवायचा. मग रेस देऊन सोडायची. फेरे वाढताच दांडी टोकाशी सुमारे ३ मिलिमीटर मुठीकडे सरकली, तर जुळणी योग्य. ती हललीच नाही, तर क्लच पुरती पकड घेत नाही; तो घसरत राहील आणि चकत्या जळतील. ती फार सरकली, तर क्लच नीट सुटणार नाही आणि गिअर टाकताच गाडी पुढे ओढ घेईल. ही तपासणी प्रत्येक फेरीपूर्वी करणे इष्ट. इंजिनाचा आयडलही जुळलेला हवा. तो जास्त असेल तर क्लच अर्धवट पकडीत राहून तापतो. फार कमी असेल तर ज्यासाठी खर्च केला, ते इंजिन बंद पडणे टळतच नाही.

गिअरची निवडही महत्त्वाची. हा क्लच तिसऱ्या गिअरवरूनही गाडी उचलू देतो, म्हणून आळस होतो. पण त्या काळात चकत्या घासत राहतात आणि तेल तापते. ओल्या क्लचसाठी असलेले, जासो एमए दर्जाचे तेलच वापरावे आणि ते नेहमीपेक्षा लवकर बदलावे.

कोणी बसवावा?

मंद, खडकाळ, चढउतारांच्या वाटांवर चालविणारे, हाताचा त्रास असणारे आणि लांब पल्ल्यात दमणारे चालक यांना या क्लचचा खरा उपयोग आहे. नवशिक्याने मात्र आधी साध्या क्लचवर हात बसवावा. आडव्या ओंडक्यावरून पुढचे चाक उचलताना दांडीचाच वापर करावा लागतो आणि ते कसब स्वयंचलित क्लच शिकवीत नाही. शिवाय आपल्या गाडीसाठी असा संच निघतो का, आणि तो जुळवून देणारा जाणकार मेकॅनिक जवळ आहे का, याची खात्री करूनच पैसे गुंतवावेत. वाट कशी आहे, उतार किती आहे आणि ब्रेक केव्हा धरायचा, हे इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या यंत्राला समजत नाही. ते ओळखण्याची जबाबदारी चालकावरच राहते.