समुद्रतळाची साक्ष

ज्यांचा इतिहास पोथीत नाही, त्यांना पुरावा जमिनीखाली शोधावा लागतो. समुद्राचेही तसेच. २००३ साली नामिबियाच्या पश्चिमेस, अटलांटिकखालच्या वॉल्व्हिस डोंगररांगेवर शास्त्रज्ञांनी तळाचा गाळ उपसला. सूक्ष्म जीवांच्या चुनकवचांचा पांढरा गाळ एका थरात एकाएकी संपतो. तिथे तांबडी चिकणमाती लागते. काळ सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वीचा. हवेत प्रचंड कार्बन मिसळला, पृथ्वी सुमारे पाच अंशांनी तापली. समुद्राने तो वायू गिळला, पाण्यातले कार्बोनेट घटले, तळावरची कवचे विरघळली; उरली माती. जी कवचे टिकली त्यांतल्या बोरॉनच्या समस्थानिकांवरून त्या पाण्याची आम्लता काढता येते. आज कार्बन त्याहून वेगाने हवेत जातो आहे. ‘आपण सोडतो’ असे लिहितात; कोळसा कुणी किती जाळला हे ठाऊक असल्याने तो ‘आपण’ मला खटकतो. तेव्हा समुद्र सावरायला लाखभर वर्षे लागली.