संख्येचे अक्षरी रूपांतर : अटींची साखळी आणि शोधसारणी

पावतीवरील रक्कम मराठीत अक्षरी लिहिणारी संगणकीय आज्ञावली तयार करावयास सांगितली असता विद्यार्थ्याचा पहिला प्रयत्न बहुधा 'इफ-एल्स' अटींच्या दीर्घ साखळीचा असतो. इंग्रजीत ही साखळी आटोपशीर राहते. कारण पहिल्या 19 संख्यांची व आठ दशकांची मिळून 27 नावे माहीत असली, की 99 पर्यंतच्या सर्व संख्या नियमाने सिद्ध होतात. मराठीत तसे नाही. बावीस, बत्तीस, बेचाळीस यांत दोन या अंकाचे रूप स्थिर राहत नाही. 'एकोणनव्वद'पर्यंत चालत आलेली 'एकोण'ची रीत 'नव्याण्णव'पाशी मोडते. (बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 2019 मध्ये 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा झालेला वाद याच अनियमिततेशी निगडित होता.)

जेथे नियमच नाही, तेथे शंभर अटी लिहिणे म्हणजे माहितीलाच तर्काचा वेष चढविणे होय. त्याऐवजी 0 ते 99 यांची नावे क्रमाने एका अ‍ॅरेमध्ये ठेवावीत. संख्या हाच स्थानक्रमांक. 57,36,489 या रकमेस प्रथम एक लाखाने, मग बाकीस हजाराने व शेवटी शंभराने भागले असता 57, 36, 4 आणि उरलेले 89 मिळतात. एकच सारणी चार वेळा पाहून 'सत्तावन्न लाख छत्तीस हजार चारशे एकोणनव्वद' सिद्ध होते.

या पद्धतीचे समर्थन सहसा वेगाच्या आधारे केले जाते. ते दुय्यम आहे. अनेक संकलक 'स्विच' रचनेचे रूपांतर स्वतःच उडीसारणीत करतात. खरा लाभ तपासणीचा आहे. 'शहाऐंशी'च्या जागी 'शहाण्णव' पडले, तर पावतीवर दहा रुपयांचा फरक पडतो. अशी चूक अटींच्या जंगलात दडून राहते. सारणीत मात्र प्रोग्रॅमिंग न जाणणारा मराठीचा शिक्षकही ती ओळखू शकतो.

सारणीस स्वतःची राखण मात्र करता येत नाही. सी भाषेत स्थानक्रमांक 100 वा ऋण झाल्यास अ‍ॅरेच्या सीमेबाहेरील स्मृती वाचली जाते व परिणामाची शाश्वती उरत नाही. म्हणून सीमेची अट आधी हवी. शून्य शतक वा शून्य सहस्र आल्यास तो शब्द गाळावा लागतो. शिवाय 101 'एकशे एक' असले, तरी निव्वळ 100 'एकशे' नसून 'शंभर' असते. तेवढी अट सारणीबाहेरच लिहावी लागते.