बारव गावाची, राखण कुणाची?

श्रोतेहो, तुमच्या गावाशेजारी पायऱ्यांची जुनी बारव आहे ना? तिथं आज पाण्यापेक्षा कचराच जास्त असेल. नळ दारी आले, घागरीची वाट मोडली. अन् जिथं माणसांची ये-जा थांबते, तिथं उकिरडा होतो.

पण साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहा. १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली, ती आजही पाणी धरून आहे. गेल्या काही वर्षांत अनेक गावांनी श्रमदानानं आपल्या बारवा उपसल्या, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर पणत्या लावल्या.

तुम्हांलाही हे करायचं असेल, तर विषय आधी ग्रामसभेत मांडा. बारव संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या. खोल, कोंडलेल्या विहिरीत विषारी वायू असू शकतो. तपासल्यावाचून कुणाला उतरवू नका. पिंपळाचं रोप उपटू नका, चिरा निखळेल; बुंध्याशी कापा. सांधे चुन्यानं भरा. सिमेंटमुळं ओल कोंडते नि दगड झडतो.

आणि गुरुजी, नंतरचं काम तुमचं. मुलांना कठड्याशी न्या, दरमहा पाण्याची पातळी वहीत मांडू द्या. एकदाच झाडलेली बारव पुन्हा कचऱ्यानं भरते. वापरातली मात्र टिकते.