डावी टाच उचला, कंबर वाचवा

आरोग्याच्या पानावर गोल्फ कशाला, असा प्रश्न काही वाचक बंधू-भगिनींच्या मनात येईल. हा खेळ आधी गोऱ्या साहेबांचा, मग शेठ लोकांचा. आपल्याकडे ना त्याचे मैदान, ना सदस्यत्वाचे पैसे. हे सगळे खरे आहे. पण चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाच्या किंवा पुण्यात येरवड्याच्या गोल्फ मैदानाच्या आसपास ज्या वस्त्या आहेत, तिथल्या कितीतरी घरांची चूल कॅडीच्या कमाईवर पेटली आहे. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची बॅग वाहणारा, चेंडू कुठे पडला ते पाहणारा आणि पुढे कोणती स्टिक घ्यावी हे सांगणारा माणूस. वर्षानुवर्षे दुसऱ्याचा खेळ इतक्या जवळून पाहिल्यावर हाताला खाज सुटणारच. चेंबूरच्या कॅडी पोरांनी लोखंडी सळी वाकवून तिची स्टिक बनवली, प्लास्टिकचा चेंडू घेतला आणि घरांच्या मधल्या बोळात आपला गोल्फ सुरू केला. तो पाहायला परदेशातून छायाचित्रकार येऊन गेले.

आमच्या पानाचा संबंध इथून सुरू होतो. बॅगा वाहणाऱ्या आणि हौसेने खेळणाऱ्या ज्या पोरांशी आम्ही बोललो, त्यांतल्या बहुतेकांनी दोन मिनिटांत कंबरेवर हात ठेवला. बावीस-चोवीस वर्षांची पोरे, आणि सकाळी अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावे लागते. त्यांच्यासाठी कंबर म्हणजे रोजची मजुरी आहे. ती गेली तर घरभाडे थांबते, पोराची फी थांबते.

दुखण्याला दोन कारणे दिसतात. एक बॅग, तिच्याबद्दल पुढे लिहितो. दुसरे कारण म्हणजे मोबाईलवर पाहून उचललेला फटका. पोरे टायगर वुड्सची नक्कल करतात. का करू नये? ज्या मास्टर्स स्पर्धेत १९७५ पर्यंत एकही काळा खेळाडू खेळू शकला नव्हता, ती त्याने १९९७ साली बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली. त्याचा अभिमान आम्हालाही वाटतो. पण त्याच्या पाठीवर २०१४ पासून एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि २०१७ मध्ये मणके जोडून घ्यावे लागले, हेही पोरांना माहीत असावे. हे सारे फक्त स्विंगमुळे झाले असे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तरी हल्लीच्या व्यावसायिक फटक्यात कंबरेवर केवढा ताण येतो, ते समजून घेतले पाहिजे.

आपल्या कंबरेत पाच मणके असतात. पुढे वाकायला आणि मागे झुकायला ते तयार असतात, पण पिळायला नाहीत. पाचही मणके मिळून एका बाजूला फार तर दहा-पंधरा अंश वळतात. त्यांच्या वरचे, बरगड्यांना जोडलेले बारा मणके त्यापेक्षा बरेच जास्त वळतात, आणि खाली खुब्याचा सांधा तर वळण्यासाठीच बनलेला आहे. म्हणून शरीर वळवायचे तर ते छातीतून आणि खुब्यातून. हल्लीच्या जोरकस स्विंगमध्ये पाय जमिनीला खिळवून ठेवतात, खुबे अडवतात आणि खांदे मात्र पूर्ण मागे नेतात. पिळलेल्या रबरासारखी त्यातून ताकद सुटते आणि चेंडू लांब जातो. हा पीळ बसतो मधल्या पाच मणक्यांवर आणि त्यांच्यामधल्या गाद्यांवर. व्यावसायिक खेळाडूच्या मागे व्यायाम करून घेणारा, मालिश करणारा, डॉक्टर अशी फौज असते. आपल्या पोराच्या मागे कुणी नाही. रात्री वॉचमनची ड्यूटी करून तो सकाळी बॅग उचलतो.

यावर उपाय नवा नाही, जुनाच आहे. स्टीलच्या दांड्याच्या आधी गोल्फची स्टिक हिकरी नावाच्या लाकडाची असे. त्या दांड्याला झटका दिला की तो पिळवटायचा आणि चेंडू भलतीकडे जायचा. त्यामुळे जुन्या खेळाडूंना सगळे अंग एका लयीत, मोकळेपणाने वळवावेच लागे. अमेरिकेचा बॉबी जोन्स हा त्या स्विंगचा सगळ्यात मोठा नमुना. हा माणूस पेशाने वकील, आयुष्यभर हौशी खेळाडू म्हणूनच खेळला, आणि १९३० साली एकाच वर्षात अमेरिका व ब्रिटन मिळून त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकून अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्त झाला. १९३१ मध्ये त्याने आपला खेळ शिकवणाऱ्या छोट्या फिल्म केल्या. त्या आजही मोबाईलवर पाहायला मिळतात. भाषा कळली नाही तरी चालेल. फक्त त्याची डावी टाच पाहा.

याच जोन्सने ऑगस्टा नॅशनल हा क्लब उभा केला, हेही आम्ही लपवणार नाही. मास्टर्स स्पर्धा तिथलीच. तिथे कितीतरी वर्षे बॅगा वाहणारे सगळे काळे आणि सदस्य सगळे गोरे. पहिला काळा सदस्य घेतला तो १९९० मध्ये. अमेरिकेच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या नियमांत तर १९३४ पासून १९६१ पर्यंत ‘फक्त गोरे’ असे कलमच होते. ते हटवायला भाग पाडणारा चार्ली सिफोर्ड लहानपणी कॅडी होता. आपल्याला हे चित्र कुणी समजावून सांगायला नको. पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता गोलंदाज झालेल्या पळवणकर बाळूंना चहा मैदानाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. आमचे म्हणणे इतकेच की जोन्सच्या क्लबाचा दरवाजा त्याच्यापाशी राहू द्या, स्विंग मात्र घ्या. विद्या कुणाच्या बापाची नसते.

आता प्रत्यक्ष स्विंग. उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी सांगतो. डावखुऱ्याने डावे-उजवे बदलून घ्यावे.

पकड तळहातात नको, बोटांत हवी. डावा हात वर, उजवा खाली, आणि उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांच्या मधल्या खाचेवर. किती घट्ट धरायचे? सोण कोळिविसाची गोष्ट आपल्या विहारांत सांगितली जाते. चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आले, तरी मन लागेना. तो पूर्वी वीणा वाजवायचा, म्हणून भगवंतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर वीणा वाजते का? स्टिकची पकडही तशीच. मनगटाच्या शिरा ताठल्या तर ताण कोपरापर्यंत आणि मानेपर्यंत जातो. कोपराच्या हाडाशी येणारी कळ बहुधा याच घट्ट मुठीची देणगी असते.

उभे राहताना पायांत खांद्याएवढे अंतर, दोन्ही चवडे थोडे बाहेर. गुडघे किंचित सैल. वाकायचे ते खुब्यातून, जसे आपण पंचांग प्रणाम करून अर्धे उठलेलो असतो. पाठीचा कुबड काढून नव्हे. हात खांद्यातून सरळ खाली लोंबू द्या आणि तिथेच स्टिक धरा.

मग मागे नेणे. सगळी विद्या इथे आहे. स्टिक, हात, खांदे आणि खुबे सगळे मिळून उजवीकडे वळतात. वळता वळता डावा गुडघा आत, चेंडूच्या दिशेने येतो आणि डावी टाच आपोआप जमिनीवरून इंच-दीड इंच उठते. मुद्दाम उचलायची नाही आणि दाबूनही धरायची नाही. ती उठली की खुबे मोकळे होतात, पाठ लक्ष्याकडे होते आणि कंबरेच्या मणक्यांना पिळावे लागत नाही. टाच खिळवून ठेवून तेवढेच खांदे वळवून पाहा, कंबरेत लगेच ओढ जाणवेल. हा फरक एकदा अंगाला कळला की पुढे कुणी सांगावे लागत नाही. डावा हात बऱ्यापैकी सरळ असावा, पण काठीसारखा ताठ नको.

खाली येताना नव्वद टक्के हौशी माणसे खांद्याने झडप घालतात. धुणे आपटल्यासारखे. तसे करू नका. आधी डावी टाच जमिनीवर परत ठेवा. वजन डाव्या पायावर येईल, खुबे डावीकडे वळू लागतील, मग हात आपसूक खाली येतील. चेंडूवर मारायचे नाही, चेंडूमधून जायचे. श्वास रोखून धरू नका. खाली येताना तोंडाने हळूच सोडा. फटका संपतो तेव्हा छाती लक्ष्याकडे, सगळे वजन डाव्या पायावर, उजवी टाच वर आणि अंग खांबासारखे सरळ. काही जण शेवटी कंबर पुढे काढून धनुष्यासारखे मागे झुकतात. फोटो छान येतो, पण कंबरेची मागची बाजू चेपते. फटक्यानंतर तीन मोजेपर्यंत तोल न जाता उभे राहता आले, तर स्विंग बरोबर आहे. तोल गेला तर जोर जास्त झाला.

लयीसाठी मनात ‘एक, दोन, तीन’ म्हणत मागे न्या आणि ‘चार’ला खाली या. जायला जेवढा वेळ, त्याच्या साधारण तिसरा हिस्सा परत यायला.

सरावाला मैदान लागत नाही. पहिले दोन आठवडे चेंडूसुद्धा नको. झाडूचा दांडा दोन्ही खांद्यांमागे आडवा धरून फक्त वळा, टाच उठते का पाहा. मग दोन्ही पाय जुळवून अर्धे स्विंग करा. पाय जुळलेले असले की माणूस जोर लावूच शकत नाही, त्यामुळे लय सापडते. रोज पंधरा मिनिटे पुरे, आधी पाच मिनिटे भरभर चालून अंग गरम करून. पन्नाशीच्या पुढच्यांनी स्टिक खांद्याच्या वर नेऊ नये, तेवढ्यातही चेंडू चांगला जातो. गल्लीत खेळणाऱ्यांनी प्लास्टिकचाच चेंडू वापरावा. खरा गोल्फचा चेंडू अवघा ४६ ग्रॅमचा असतो, पण दगडासारखा कडक; डोळ्याला लागला तर डोळा जाईल. सळीची स्टिक फिरवताना तर मुले दहा पावले लांबच हवीत.

ज्या घरात कुणी गोल्फ पाहिलाही नाही, त्या घरालाही टाचेची ही गोष्ट उपयोगी आहे. नळावर हंडा भरून उचलायचा आणि पाय तिथेच ठेवून कंबरेतून मागे वळायचे, ही सवय आपल्या आयाबहिणींची कंबर मोडते. बांधकामावर फावड्याने वाळू मारणाऱ्याचेही तेच. हंडा किंवा घमेले अंगाजवळ घ्या आणि वळताना पाऊल उचलून वळा, नाहीतर निदान मागच्या पायाची टाच फिरू द्या.

बॅगेचे आता. चौदा स्टिक, चेंडू, छत्री, पाणी मिळून ती बारा-पंधरा किलोंपर्यंत जाते आणि अठरा होलचा फेरा सहा-सात किलोमीटरचा असतो. दोन पट्ट्यांची बॅग असेल तर दोन्ही खांद्यांवर घ्या. एकच पट्टा असेल तर दर होलला खांदा बदला. उचलताना गुडघे वाकवा, आणि खेळणारा फटका मारेपर्यंत बॅग खाली टेकवून ठेवा; ती अंगावर घेऊन उभे राहण्यात शिस्त नाही की आदब नाही. बॅग वाहून आल्या आल्या सरावाला लागू नका, थकलेली कंबर आधी फसते. काही क्लब आठवड्यातून एक दिवस कॅडींना मैदानावर खेळू देतात. तुमच्या क्लबात तशी सोय असेल तर तो दिवस सोडू नका. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीत कॅडीच होता. एसएसपी चौरसियाचे वडील कोलकात्याच्या क्लबात मैदानाची निगा राखायचे, तो स्वतः तिथे कॅडी होता, आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला भारताकडून खेळला.

दुखणे दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीने कमी होत असेल तर ते स्नायूंचे असते. शेक घ्या, पण आठवडाभर पडून राहू नका, हळूहळू चालत राहा. मात्र कळ मांडीतून पोटरीपर्यंत उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, पाऊल उचलताना घसटत असेल तर स्टिक आणि बॅग दोन्ही बाजूला ठेवून सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात हाडांच्या विभागात दाखवा. लघवीवरचा ताबा सुटला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री जा. गल्लीतल्या मणका बसवणाऱ्याकडे जाऊ नका, आणि मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या घेऊन फेरा पूर्ण करू नका.