सॉक्रेटिस पळून का गेला नाही?

सॉक्रेटिसाचे नाव मराठी वाचकास नवे नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्याचे चरित्र १८५२ साली मराठीत आणले. तेव्हापासून विषाचा पेला हाती घेतलेला तो वृद्ध आपल्या ओळखीचा आहे. परंतु ही ओळख पेल्याची आहे, खटल्याची नव्हे. पेल्यापर्यंत त्याला कोणी पोचविले, आणि सुटकेची वाट मोकळी असताना तो निघून का गेला नाही, हे प्रश्न बहुधा मागेच राहतात. त्यांचाच येथे विचार करू.

खटला इ. स. पूर्व ३९९ मध्ये अथेन्स येथे चालला. सॉक्रेटिस तेव्हा ७० वर्षांचा होता. मेलेटस, अॅनिटस व लायकॉन हे तिघे फिर्यादी होते. नगरीचे देव तो मानीत नाही, नव्या दैवी शक्ती आणतो, आणि तरुणांना बिघडवितो, असे आरोप होते. न्यायासनावर कायदेपंडित न्यायाधीश नव्हता. तिशी ओलांडलेल्या नागरिकांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले सुमारे ५०० पंच तेथे बसले होते. दिवसाचा अल्पसा भत्ता घेऊन आलेली ही साधी माणसे, तुमच्याआमच्यासारखी. ज्याने त्याने आपली बाजू स्वतः मांडावयाची, पाणघड्याळातले पाणी संपले की थांबावयाचे, आणि त्याच दिवशी निकाल. त्यावर अपील नाही.

या माणसांना एका वृद्ध प्रश्नकर्त्याचा इतका राग का यावा? अथेन्स तेव्हा जखमी होते. स्पार्टाशी चाललेले दीर्घ युद्ध इ. स. पूर्व ४०४ मध्ये पराभवात संपले, आणि पाठोपाठ तीस जणांची जुलमी राजवट आली. तिचा एक म्होरक्या क्रिटियस हा एके काळी सॉक्रेटिसाच्या बैठकीत बसणारा. शत्रूला जाऊन मिळालेला अल्सिबायडीस हाही त्याच्याच सहवासातला. लोकशाही परत आल्यावर जुनी राजकीय वैरे उकरून काढू नयेत, असा ठराव झाला होता. तेव्हा जे उघड बोलता येत नव्हते, ते देवाधर्माच्या आरोपाआड दडले असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

पण सॉक्रेटिस खरोखर कोणाच्या पक्षाचा होता? इ. स. पूर्व ४०६ मध्ये आर्गिन्यूसीच्या आरमारी लढाईनंतर, पाण्यात पडलेल्या सैनिकांना वाचविले नाही म्हणून सेनापतींना एकाच मताने सरसकट देहदंड द्यावा, असे संतप्त लोकसभेने ठरविले. हे बेकायदा होते. सॉक्रेटिस त्या दिवशी अध्यक्षमंडळात होता. त्याने शेवटपर्यंत संमती दिली नाही. पुढे तीस जुलमींनी त्याला व आणखी चौघांना हुकूम केला, की सॅलॅमिसच्या लिऑनला ठार मारण्यासाठी पकडून आणा. चौघे गेले; सॉक्रेटिस घरी गेला. लोकशाही असो वा जुलूमशाही, अन्यायाला हातभार लावावयाचा नाही, हा त्याचा एकच पक्ष. खटल्याचे मर्म येथे आहे.

भाषणात त्याने गयावया केली नाही. मुलाबाळांना रडत पुढे आणण्याची तेथील चालही पाळली नाही. उलट बजावले, की तत्त्वचर्चा सोडण्याच्या अटीवर मला मुक्त कराल, तर ती अट मी मानणार नाही. मते पडली. ३० मते इकडची तिकडे झाली असती तर तो सुटला असता. मग शिक्षेचा प्रश्न आला. फिर्यादीने एक शिक्षा सुचवावी, आरोपीने दुसरी, आणि पंचांनी एक निवडावी, असा तेथील कायदा. मेलेटसने देहदंड मागितला. सॉक्रेटिस म्हणाला, की माझ्या कामाची योग्य भरपाई म्हणजे नगरीच्या खर्चाने जेवण. शेवटी मित्रांच्या हमीवर त्याने ३० मिना दंड देऊ केला. पण पंच चिडले होते. देहदंड ठरला.

डेलॉस बेटाकडे गेलेले पवित्र जहाज परत येईपर्यंत कोणालाही मारावयाचे नाही, असा नियम असल्यामुळे सुमारे महिना तुरुंगात गेला. त्या काळात त्याचा जुना मित्र क्रिटो एका पहाटे आला. पहारेकऱ्याची सोय लावली आहे, पैसा तयार आहे, थेसलीत आश्रय आहे, असे त्याने सांगितले. सॉक्रेटिसाने नाकारले. ज्या कायद्यांच्या छायेत मी ७० वर्षे राहिलो, ते मला पटवून देता आले नाहीत म्हणून आता चोरून मोडावयाचे? अन्याय झाला म्हणून उलट अन्याय करावयाचा नाही, हे त्याचे उत्तर.

येथे चाणाक्ष श्रोता अडवील. न्यायालयात तो म्हणतो, तुमची अट मोडीन. तुरुंगात म्हणतो, तुमचा निकाल मोडणार नाही. ही विसंगती नव्हे काय? बारकाईने पाहिले तर नव्हे. गप्प बसणे म्हणजे आपल्या हातून कर्तव्याचा घात करणे. ते तो करणार नाही. शिक्षा भोगणे म्हणजे दुसऱ्याने केलेला अन्याय सोसणे. ते तो करील. नगरीचा अधिकार त्याच्या देहावर चालतो, विवेकावर नाही.

हा भेद महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिला आहे. ‘केसरी’तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांवर जुलै १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात राजद्रोहाचा खटला झाला. न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे टिळकांनी आपली बाजू स्वतः, २१ तासांहून अधिक काळ मांडली. सॉक्रेटिसाने कायद्याचा काथ्याकूट केला नाही. टिळकांनी प्रत्येक शब्दासाठी झुंज दिली. पण ज्युरीने ७ विरुद्ध २ मतांनी दोषी ठरविल्यावर, २२ जुलैच्या रात्री, त्यांनीही दयेची याचना न करता या न्यायालयाहून वरिष्ठ शक्तीकडे बोट दाखविले. सहा वर्षांची शिक्षा भोगताना मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहिले गेले. त्यांचे ते उद्गार कोरलेली शिळा १९५६ साली त्याच न्यायालयात बसविण्यात आली. अंबरनाथ-बदलापूरहून गाडीने मुंबई गाठणाऱ्याने एकदा वाट वाकडी करून ती पाहावी.

त्याच १९०८ साली दक्षिण आफ्रिकेत गांधीजी सॉक्रेटिसाचे बचावाचे भाषण गुजरातीत सांगत होते. १९१० साली मुंबई सरकारने ती पुस्तिका जप्त ठरविली. तेवीस शतकांपूर्वी मेलेल्या माणसाचे बोलणे सत्तेला अजून बोचत होते.

जहाज आले. सॉक्रेटिसाने पेला शांतपणे रिता केला, पाय जड होईपर्यंत फेऱ्या घातल्या, मग तो आडवा झाला. आरोग्यदेव अस्क्लीपियसला एक कोंबडा देणे आहे, तो विसरू नका, एवढेच शेवटी क्रिटोला म्हणाला.

आपण त्याच्या धैर्याला वंदन करतो, ते योग्यच. परंतु या गोष्टीत आपली जागा बहुधा त्याच्या शेजारी नसते. ती त्या बाकांवर असते. सॉक्रेटिसाला राजाने मारले नाही. आपल्यासारख्या नागरिकांनी, रीतसर मतदान करून मारले. अडचणीचे प्रश्न विचारणारा शेजारी आजही प्रत्येक गावात असतो, आणि त्याच्याविषयी मत देण्याची पाळी आपल्यावर येते. अथेन्समध्ये कमी पडली ती अवघी ३० मते.